पगारपत्रकातले दोनशे रुपये

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारातून दर महिन्याला दोनशे रुपये ‘पी.टी.’ म्हणून कापले जातात. फेब्रुवारीत ही कपात तीनशेची होते आणि वर्षाचे 2500 भरतात. घटनेच्या 276 व्या कलमाने घालून दिलेली कमाल मर्यादाच तेवढी आहे. प्रॉव्हिडंट फंड आणि टीडीएसच्या मोठ्या आकड्यांशेजारी ही रक्कम कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि ती कशासाठी जाते हे विचारलं तर लेखा विभागातल्या माणसालाही पटकन सांगता येईलच असं नाही. 1975 साली हा व्यवसाय कर आला तेव्हा मात्र त्यामागचा सौदा उघड होता. शहरातल्या पगारदाराने थोडे पैसे द्यायचे आणि दुष्काळी गावातल्या मजुराला त्यातून रोजगार हमीवर काम मिळायचं.

देणारा कोण, घेणारा कोण आणि कशाच्या बदल्यात, याचा इतका स्वच्छ हिशेब आपल्या राजकारणात क्वचितच मांडला गेला. एरवी या विषयावरचा वाद दोन तक्रारींमध्ये अडकून पडतो. एकाची तक्रार अशी, की आम्ही कर भरतो आणि मतं विकत घ्यायला तो पैसा उधळला जातो. दुसऱ्याची अशी, की बड्या उद्योगांना सवलत दिली की ती ‘प्रोत्साहन’ आणि गरिबाला दिली की ‘रेवडी’. दोन्हींत तथ्य आहे. पण सरकारवर अवलंबून असलेला मतदार सरकारला प्रश्न विचारू शकतो का, हा मूळ मुद्दा दोन्हींतून निसटतो. त्याचं उत्तर मदतीच्या आकड्यापेक्षा मदतीच्या स्वरूपात जास्त सापडतं.

मदतीवर जगणाऱ्या मतदाराबद्दलची ही शंका जुनी आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने 1861 मध्ये प्रातिनिधिक शासनावरच्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं, की सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्याला मताधिकार असू नये आणि कर ठरवणारं सभागृह कर भरणाऱ्यांनीच निवडावं. हा गृहस्थ पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरीला होता. ज्या रयतेच्या महसुलावर त्याचा पगार निघत होता, तिला मतच नव्हतं. तरीही मिलच्या म्हणण्यात एक बारीक निरीक्षण होतं. अप्रत्यक्ष कर सगळेच भरतात, पण तो भरल्याचं कुणाला जाणवत नाही; म्हणून गरिबावरही एखादा लहानसा थेट कर असावा, म्हणजे सरकारचा खर्च आपल्या खिशातून होतो हे त्याला कळेल. उपाय कठोर होता, रोगाची पारख बरोबर होती.

हिंदुस्थानात इंग्रजांनी मताधिकार दिला तोही कराच्या पावतीवर. शेतसारा किती, आयकर भरता का, घरभाडं किती, शिक्षण किती, यावर मतदारयादी बनायची. 1935 च्या कायद्यानंतरही मतदार जेमतेम तीन-साडेतीन कोटी होते. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या कामकाजात 1929 साली स्वतंत्र अहवाल देऊन प्रौढ मताधिकाराची मागणी केली. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत 17 कोटींहून अधिक लोकांची नावं यादीत आली आणि त्यासाठी कुणाला पावती दाखवावी लागली नाही.

त्याच्याही आधी, 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढच्या निवेदनात करदाता कोण हा प्रश्न उलटा करून विचारला होता. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, असा त्यांचा आक्षेप होता. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हाच हिशेब त्यांनी लोकल फंडापर्यंत नेला. ‘आमच्या करावर कोण जगतं’ हा सवाल महाराष्ट्रात पहिल्यांदा खालून वर विचारला गेला.

आज तो वरून खाली विचारला जातो, आणि तोही अर्धवट माहितीवर. देशात 2024 साली सुमारे 97 कोटी मतदार होते. आयकराचं विवरणपत्र भरणारे त्यांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि त्यातल्याही मोठ्या संख्येचा देय कर शून्य. यावरून ‘मूठभर लोक सगळ्यांना पोसतात’ असा निष्कर्ष काढला जातो. पण 2025 च्या सप्टेंबरपर्यंत साध्या आंघोळीच्या साबणावर 18 टक्के जीएसटी होता, केसांच्या तेलावर तेवढाच आणि टूथपेस्टवरही तेवढाच. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जाणारी बाई आणि पुण्यातला संगणक अभियंता एकाच दराने तो भरत होते. पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर एसटीच्या तिकिटातून, भाजीच्या भावातून सगळ्यांपर्यंत पोचतो. राज्यांत जीएसटीचं सर्वांत मोठं संकलन महाराष्ट्राचं असतं. त्यात उद्योग-व्यापाराचा वाटा मोठा असला तरी कर शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो. करदाता नसलेला मतदार या देशात जवळजवळ नाही. आपण कर भरतो हे माहीत नसलेला मतदार मात्र कोट्यवधींच्या संख्येने आहे. मिलचं निरीक्षण इथे लागू पडतं.

म्हणून रोजगार हमीची गोष्ट सविस्तर पाहायला हवी. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या, पाझर तलावांच्या आणि नालाबांधांच्या कामांवर माणसं लोटली. 1973 च्या मे महिन्यात ही संख्या पन्नास लाखांच्या जवळ गेली होती. सुकडीच्या पाकिटांची आणि फुटलेल्या तळहातांची आठवण मराठवाड्यातली वृद्ध माणसं अजून सांगतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना त्याआधीच, 1965 साली, तासगाव तालुक्यात प्रायोगिक रूपात राबवून पाहिली होती. दुष्काळाने तिला राज्यव्यापी केलं. 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

पैसा कुठून आणायचा हे कायद्याच्याही आधी ठरलं होतं. पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर, मोटारगाड्यांवर आणि विक्रीकरावर जादा आकारणी, बागायती जमिनीवर कर, शहरांतल्या बिगरनिवासी मालमत्तेवर कर. यातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. शहरी आमदारांनी हे मान्य केलं त्यामागे केवळ कणव नव्हती. दुष्काळी जिल्ह्यांतून मुंबईकडे येणारे लोंढे थांबवायचे असतील तर गावात काम द्यावं लागेल, हा रोकडा व्यवहार होता. बागायतदारांनाही आपल्या शिवारात रस्ते आणि बंधारे हवेच होते. प्रत्येकाला काही द्यावं लागत होतं आणि प्रत्येकाला काही मिळत होतं.

यातून जो मतदार तयार झाला तो ओशाळा नव्हता. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारभत्ता द्या, हे तो तहसीलदाराला सुनावू शकत होता. शहाद्याच्या श्रमिक संघटनेपासून अनेक संघटनांनी ‘कामं काढा’ म्हणून मोर्चे नेले. मस्टरवर नाव आहे पण मजुरी कमी लावली, यावरून भांडणं झाली, खटले झाले. कामावर बायकांचा वाटा मोठा होता, आणि स्वतःच्या नावाने हातात पडणाऱ्या मजुरीची सवय अनेकींना रोजगार हमी योजनेनेच (रोहयो) लावली. कुण्या नेत्याचा फोटो त्या मजुरीवर नव्हता.

मात्र रोहयोला देव्हाऱ्यात बसवण्याचं कारण नाही. बोगस हजेरीपट होते, अर्धवट सोडलेले रस्ते होते, एकाच नाल्याला दोनदा बांध घातल्याचे कागद होते. 1988 मध्ये किमान वेतनाच्या प्रश्नामुळे मजुरीचे दर दुपटीने वाढले, तेव्हा खर्च आवरण्यासाठी कामंच कमी काढली गेली. हमी कायद्यात तशीच राहिली, गावात आटली. शहरांतून कर मात्र येतच राहिला. निधीत शिल्लक साचत गेली आणि तो पैसा खरोखर कामांवर जातो का, यावर लेखापरीक्षणातून आणि विधिमंडळात प्रश्न उठत राहिले. पगारदार आपला दोनशे रुपयांचा धागा विसरला तो याच काळात. पुढे 2005 साली केंद्राने रोजगार हमीचा देशव्यापी कायदा केला तेव्हा नमुना महाराष्ट्राचा होता, पण त्यासाठी एखादा खास कर लावण्याची महाराष्ट्राची युक्ती दिल्लीने उचलली नाही.

हक्क आणि मेहेरबानी यांतलं अंतर 2004 ने दाखवून दिलं. निवडणुकीच्या तोंडावर शिवसेनेने शेतकऱ्यांना मोफत विजेचं आश्वासन दिलं. मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी त्याच्यावर ताण करत सत्तेत असतानाच कृषिपंपांची बिलं शून्यावर आणली. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी निवडून आली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी मोफत वीज बंद झाली. मत देऊन झालं होतं. ज्या शेतकऱ्याला शून्याचं बिल आलं होतं त्याच्या हातात कोर्टात दाखवता येईल असा कायद्याचा कागद नव्हता. 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत वीज जाहीर झाली, तीही विधानसभेच्या तोंडावर.

त्याच वर्षी 28 जूनला अर्थमंत्री अजित पवार यांनी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. लोकसभेला महाविकास आघाडीने 48 पैकी 30 जागा जिंकून सत्ताधारी महायुतीला 17 वर रोखलं होतं, त्याला महिनाही झाला नव्हता. 21 ते 65 वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायकांना दरमहा 1500 रुपये मिळणार होते. अंगणवाडी सेविकांनी अर्ज भरून घेतले, बँकांपुढे आधार जोडण्याच्या रांगा लागल्या आणि रक्षाबंधनाच्या सुमारास दोन महिन्यांचे पैसे एकदम खात्यात आले. भाऊ, ओवाळणी, बहीण हे शब्द सरकारनेच निवडले होते. सुमारे दोन कोटी चाळीस लाख खाती, म्हणजे साधा गुणाकार केला तरी वर्षाला 43 हजार कोटी. सरकारचा सुरुवातीचा अंदाज 46 हजार कोटींचा होता.

यासाठी नवा कर लागला नाही. पैसे कर्जातून आणि इतर खात्यांना कात्री लावून आले. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली जमा 5 लाख 60 हजार 964 कोटी, महसुली तूट 45 हजार 891 कोटी आणि एकूण कर्ज 9 लाख कोटींच्या पुढे दाखवलं होतं. लाडक्या बहिणीसाठी 36 हजार कोटींची तरतूद होती, म्हणजे जमेच्या शंभरातले सहाहून अधिक रुपये. 2025 च्या मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. दलित आणि आदिवासींसाठी राखलेल्या पैशातून बहिणीची ओवाळणी गेली, आणि त्या समाजांतल्या बायकाही बहुधा त्याच यादीत होत्या. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने कुठून काढलं, हे त्यांना सांगायला कुणी गेलं नाही.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. 20 नोव्हेंबरला बायकांचं मतदान 2019 च्या सुमारे 59 टक्क्यांवरून 65 च्या आसपास गेलं आणि महायुतीने 288 पैकी 230 जागा जिंकल्या. महाविकास आघाडीने तर महिना 3000 देऊ म्हटलं होतं. बायकांनी वायद्यातल्या तीन हजारांपेक्षा खात्यात पडलेले पंधराशे खरे मानले, असं म्हणता येईल; यात अडाणीपणा कुठे आहे? पण निवडणुकीनंतर महायुतीने प्रचारात दिलेला दरमहा 2100 रुपयांचा शब्द मागे पडला आणि पडताळणी सुरू झाली. 2025 च्या जुलैमध्ये सव्वीस लाखांहून अधिक लाभार्थी निकषांत बसत नसल्याची शंका सरकारने सांगितली. त्यांत चौदा हजारांवर पुरुष होते! सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. अर्ज घेताना कागद न पाहणारं सरकार मत घेतल्यानंतर कागद पाहू लागलं. नाव कापल्याविरुद्ध ‘माझा हक्क’ म्हणून जायचं तर कुठे जायचं? ही योजना विधिमंडळाच्या कायद्यावर उभी नाही. शासन निर्णयाने आली तशी शासन निर्णयाने आखडताही येते.

मग पैसे वाटले की मतं मिळतात, हे तरी खरं आहे का? मध्य प्रदेशात 2023 मध्ये ‘लाडली बहना’नंतर भाजपने 230 पैकी 163 जागा घेतल्या, ती योजना आणणारे शिवराजसिंह चौहान मात्र पुन्हा मुख्यमंत्री झाले नाहीत. महाराष्ट्राचा निकाल लागला त्याच 23 नोव्हेंबरला झारखंडमध्ये बायकांना ‘मंईयां सम्मान’ देणारं हेमंत सोरेन यांचं सरकार परतलं. बिहारमध्ये 2025 मध्ये मतदानाआधी काही आठवडे लाखो बायकांच्या खात्यांत दहा-दहा हजार आले आणि सत्ताधारी आघाडीला 243 पैकी 202 जागा मिळाल्या. इथवर सूत्र पक्कं वाटतं.

पण आंध्रात जगनमोहन रेड्डी यांच्याइतके थेट खात्यात पैसे टाकणारे मुख्यमंत्री शोधून सापडले नसते. 2019 मध्ये 175 पैकी 151 जागा जिंकणारा त्यांचा पक्ष 2024 मध्ये 11 वर आला. तेलंगणात शेतकऱ्यांना ‘रयतु बंधू’ देणारे के. चंद्रशेखर राव 2023 मध्ये हरले, राजस्थानात स्वस्त सिलिंडर आणि आरोग्य विमा देणारे अशोक गेहलोत हरले. दिल्लीत 200 युनिटपर्यंत वीज आणि बायकांना बसप्रवास फुकट देणाऱ्या आम आदमी पक्षाच्या फेब्रुवारी 2025 मध्ये 70 पैकी 22 जागा उरल्या. तिथे भाजपने आधीच्या सवलती चालू ठेवण्याचं सांगून वर बायकांना अडीच हजार देऊ म्हटलं होतं. सगळेच देऊ लागले की देणं हा फरक उरत नाही. मग मतदार रस्ता, दारू धोरण, स्थानिक आमदाराची मग्रुरी, जातीची गणितं यांकडे वळतो. महाराष्ट्रातही लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचंही अंतर नव्हतं, तेव्हा विधानसभेचं सगळं श्रेय पंधराशे रुपयांना देणं सोयीचं आहे, पुरेसं नाही. घेतलेल्या पैशाला जागायचं की नाही हे भारतीय मतदार मतदान केंद्रात स्वतः ठरवतो, एवढं या निकालांवरून नक्की दिसतं.

अवलंबित्वाची चर्चा गरिबांपाशीच थांबते, ही तिची मोठी खोट आहे. मार्च 2023 मध्ये राज्याचे लाखो सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर गेले. शाळा आणि दवाखाने अडले. पगार, पेन्शन आणि व्याज यांत राज्याच्या महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग जातो. 2019 च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी सोडावे लागतील असा सरकारचाच अंदाज होता. 1 फेब्रुवारी 2025 ला बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर माफ झाला, त्याची किंमत सुमारे एक लाख कोटी, आणि चार दिवसांनी पगारदारांच्या दिल्लीत मतदान होतं. बुंदेलखंड एक्सप्रेसवेच्या उद्घाटनात, 2022 च्या जुलैमध्ये, पंतप्रधानांनी ‘रेवडी’ हा शब्द प्रचलित केला होता. तो या सवलतीला कुणी लावला नाही. कर माफ करणं आणि पैसे देणं यांत तिजोरीच्या दृष्टीने फरक शून्य आहे. फरक घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेत आहे.

कर आणि मत यांचं नातं सगळ्यांत विचित्र दिसलं ते मुंबईत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि महापालिकेचा स्वतःचा जकात कर गेला. त्याऐवजी राज्याकडून भरपाई येऊ लागली. 2022 पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पालिका प्रशासकाच्या हाती गेली. पुढची निवडणूक 15 जानेवारी 2026 ला झाली. मधल्या जवळपास चार वर्षांत मुंबईकर कर भरत राहिले, 2025-26 चा पालिकेचा अर्थसंकल्प 74 हजार कोटींवर गेला आणि त्यावर बोलायला एकही निवडून आलेला माणूस सभागृहात नव्हता. पुणे, नागपूर, ठाणे इथेही हेच. लाडक्या बहिणीवर तावातावाने लिहिणाऱ्या शहरी करदात्याने आपला नगरसेवकच गायब आहे याबद्दल तेवढा आवाज केला नाही. मेहेरबानी घेणाऱ्याचा आवाज बसतो हे मान्य केलं, तर कर भरणाऱ्याचा का बसला होता?

न्यायालयाने यात फार हात घातलेला नाही. तमिळनाडूत रंगीत टीव्ही वाटण्याच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. 2022 च्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. 2024 च्या ऑगस्टमध्ये तर पुण्यातल्या एका जमिनीचा मोबदला वर्षानुवर्षं थकवल्याबद्दल याच न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला सुनावलं, की मोबदला देत नसाल तर लाडकी बहीणसारख्या योजना थांबवण्याचा आदेश देऊ.

कामाचा एक प्रस्ताव आला तो ऑक्टोबर 2022 मध्ये निवडणूक आयोगाकडून. आश्वासन द्यायला मनाई नव्हती. पक्षांनी एक तक्ता भरायचा होता: लाभार्थी किती, खर्च किती, आणि पैसा नव्या करातून येणार, इतर खर्च कापून येणार की कर्जातून. 1975 मध्ये महाराष्ट्राने स्वतःहून लिहिलेलं उत्तरच आयोग मागत होता. असा तक्ता 2024 मध्ये भरावा लागला असता, तर महायुतीला 2100 रुपयांसाठी वर्षाचे साठ हजार कोटी आणि महाविकास आघाडीला 3000 साठी शहाऐंशी हजार कोटी कुठून आणणार हे मतदानाआधी लिहून द्यावं लागलं असतं. काँग्रेससह अनेक पक्षांनी आयोगाला हा अधिकारच नाही म्हणून प्रस्तावाला विरोध केला, आणि दोन वर्षांनी महाराष्ट्रातले दोन्ही जाहीरनामे तो तक्ता न भरताच छापले गेले.